जीभ नेमकी कशाला अडते?

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर सकाळी घटकाभर उभे राहिले, तर जिल्ह्यातल्या किती तरी श्रद्धा नुसत्या कानांनी ओळखता येतात. साकोलीकडचा म्हातारा ‘राम राम’ म्हणतो. पवनीच्या गाडीतून उतरलेली पोरे एकमेकांना ‘जय भीम’ करतात. गोंड शिक्षक ‘जय सेवा’ म्हणतो, तुकडोजी महाराजांच्या भजनी मंडळातला माणूस ‘जय गुरू’ आणि महानुभाव उपदेशी ‘दंडवत प्रणाम’. टपरीवाला ज्याला त्याला त्याच्याच शब्दांत उत्तर देतो. त्याचे गिऱ्हाईक सगळ्यांत आहे. शेजारी उभा असलेला कचेरीतला बाबू मात्र सगळ्यांना एकच ‘नमस्कार’ ठोकतो. तो उद्धट नसतो. दुसऱ्याच्या श्रद्धेचा शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही, एवढेच.

हे अवघडलेपण सरसकट वाईट म्हणता येत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या पहिल्या दोनच ब्रह्मा-विष्णू-महेश आणि राम-कृष्ण यांना देव मानणार नाही, अशा आहेत. त्या घेतलेल्या घरातल्या माणसाला कुणी ‘राम राम’ घातला आणि त्याने उत्तरादाखल ‘जय भीम’ म्हटले, तर त्यात रामाचा अपमान शोधण्याचे कारण नाही. तो आपल्या शब्दाला जागतो आहे.

‘जय भीम’ला उत्तर देताना अडखळणाऱ्या सवर्णाची अडचण मात्र निराळी आहे. या अभिवादनात देवाचे नावच नाही. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी रूढ केलेला हा एका माणसाच्या नावाचा जयजयकार आहे. म्हणजे म्हणणाऱ्याचा धर्म बुडण्याचा प्रश्न येत नाही. तरी ओठ मिटतात. येथे श्रद्धा आड येत नाही, जात आड येते. भंडाऱ्याला हा हिशेब जुना आहे. 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच मतदारसंघातून उभे होते आणि हरले होते. आज त्यांच्या जयंतीच्या फलकावर सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांचे फोटो झळकतात. रस्त्यात भेटल्यावर त्यांपैकी किती जण ‘जय भीम’ला ‘जय भीम’ म्हणतात, ते कार्यकर्त्यांना चांगले ठाऊक असते.

दोन्हीकडे जीभच अडते, पण एकीकडे माणूस स्वतःच्या निष्ठेपायी थांबतो आणि दुसरीकडे समोरच्याला कमी लेखण्याच्या सवयीपायी. बाहेरून ओळखू येत नाही. ज्याचे त्यालाच तपासावे लागते.

या तपासणीतून सुटायची एक सोपी वाट म्हणजे ‘शेवटी सगळे एकच’. ऐकायला फार उदार वाटते. गोंड माणूस बडादेव म्हणतो, तेव्हा पुष्कळ भले लोक चटकन म्हणतात, म्हणजे आपला महादेवच की! बोलणाऱ्याच्या मनात प्रेम असेलही. ऐकणाऱ्याला मात्र आपला देव कुणी परस्पर स्वतःच्या नावावर चढवून घेतल्यासारखे वाटते. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला, म्हणजे 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या त्या गुहेकडे, अनेक राज्यांतून गोंड येतात. ते धर्मगुरू पारी कोपार लिंगोचे आणि काली कंकाली मातेचे नाव घेत येतात. त्या नावांमागे त्यांची गोत्रे आहेत, सगे-सोयऱ्यांचे नियम आहेत. महादेव म्हणून टाकले की हे सारे पुसले जाते.

याच जिल्ह्याने महानुभाव पंथाला त्याच्या अगदी सुरुवातीचा एक भक्त दिला. तेराव्या शतकातला नीळभट्ट भांडारेकार. त्याच्या नावातच भंडारा आहे. पंथाच्या दृष्टीने देवता निराळ्या आणि परमेश्वर निराळा. चक्रधरस्वामी हे त्या परमेश्वराचे अवतार, म्हणून पंथाचे लोक त्यांच्या जन्मदिवसाला जयंती म्हणत नाहीत, अवतारदिन म्हणतात. बाहेरच्या शिक्षकाने फळ्यावर काय लिहावे? ‘अवतारदिन’ लिहिल्याने त्याला दीक्षा घडत नाही. ज्यांचा सण, त्यांचा शब्द, इतकाच त्याचा अर्थ. त्याच शिक्षकाला ‘चक्रधर हेच परमेश्वर, असे म्हण’ असा आग्रह कुणी धरला, तर नाही म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. उल्लेख आणि कबुली यांत एवढे अंतर ठेवले, तर निम्म्या कुरबुरी मिटतील.

मोहाडी-तुमसर भागात हे अंतर रोज पाळावे लागते. बाबा जुमदेवजींच्या ‘परमात्मा एक’ मार्गातले सेवक एका भगवंताखेरीज इतर देवदेवतांची पूजा सोडतात, दारूही सोडतात. दारू सोडल्याचे गाव कौतुक करते आणि पूजेला बसत नाहीत म्हणून कुरकुरते. त्यांचे भगवंत म्हणजे ‘भगवान बाबा हनुमानजी’. नाव ओळखीचे, म्हणून शेजारी विचारतो, मग आमच्या मारुतीला नारळ फोडायला काय झाले? नाव सारखे असले की अवघडलेपण कमी होते, असे नाही. कधी कधी वाढतेच. मार्च 2024 मध्ये मोहाडीत बाहेरून आलेल्या एका नामांकित कथावाचकाच्या बोलण्याने सेवक दुखावले आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेले.

नाव सारखे असल्याचा वाद मलेशियात तर थेट न्यायालयात गेला. बोर्निओ बेटावरचे मलय बोलणारे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या देवाला ‘अल्लाह’च म्हणत आले, पण सरकारने 1986 मध्ये ख्रिस्ती प्रकाशनांत तो शब्द वापरू नये असे बजावले. 2021 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ही बंदी चूक ठरवली. याच्या नेमके उलटे व्हॅटिकनने 2008 मध्ये केले. हिब्रू बायबलातले देवाचे जे नाव ज्यू आदरापोटी उच्चारत नाहीत, ते कॅथलिकांनीही उपासनेत उच्चारू नये, असे कळवले. म्हणजे काही वेळा नाव घेण्यात मान असतो, काही वेळा न घेण्यात. कोणत्या वेळी काय, ते ज्याचा देव त्याला विचारल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त बोचतो तो मरणाच्या वेळी. छापखान्यात शोकपत्रिकेचा मजकूर तयारच असतो, वरची ओळ ‘कैलासवासी’. बौद्ध घरात ‘कालकथित’ लिहितात, मुसलमानांच्या घरी ‘पैगंबरवासी’, ख्रिस्ती कुटुंबात ‘ख्रिस्तवासी’. ज्याने आयुष्यभर कैलास मानला नाही, त्याला पत्रिकेने तिथे पोहोचवले, तर दुःखात बसलेले घर भांडायला येत नाही. पण ती ओळ त्यांना सलत राहते. म्हणून छापखानावाले, ग्रामपंचायतीत श्रद्धांजलीचा ठराव लिहिणारे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर घाईने दोन ओळी टाकणारे, या सर्वांना एक विनंती आहे. नावाआधी काय लिहायचे, ते त्या घरच्या माणसाला एकदा विचारून घ्या.