पाहणे निष्पाप आहे काय?

छंदांचा न्यायनिवाडा करावयास कोणी बसला, तर पक्षिनिरीक्षणाच्या छंदास तो बहुधा सर्वांआधी निर्दोष ठरवून सोडून देईल. शिकारी पाखराचा प्राण घेतो. पिंजरा बाळगणारा त्याचे आकाश घेतो. निरीक्षक मात्र काहीच घेत नाही. परसातल्या शेवग्यावर बसलेला दयाळ त्याने पाहिला, म्हणून दयाळाचे काय उणे झाले? दयाळ होता तेथेच आहे, आणि पाहणाऱ्याच्या पदरी निर्मळ आनंद तेवढा अधिक पडला आहे. मीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. आता तसे समजणे मला कठीण जाते. आणि ते का, हे वाचकांपुढे मांडावे असे वाटते.

आमच्या अंगणाच्या मेंदीच्या कुंपणात एका वैशाखात बुलबुलाच्या जोडप्याने घरटे केले. कमरेएवढ्या उंचीवर, पानांच्या दाटीत लपलेली काड्यांची ती लहानशी वाटी ओसरीवरून दिसत नसे. मादी अंड्यांवर बसलेली पाहावी, एवढीच माझी इच्छा. म्हणून मी दोन फांद्या हलकेच बाजूस सारल्या आणि सुतळीने बांधून ठेवल्या. घरट्यास मी हातही लावला नाही. आत तांबूस ठिपक्यांची तीन अंडी होती. दोन दिवस मी खुर्ची टाकून सुखाने पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटी रिकामी होती, कुंपणाच्या खांबावर कावळा बसला होता, आणि ते जोडपे त्याच्याभोवती कर्कश ओरडत फिरत होते. ज्या फटीतून माझी दृष्टी आत गेली, त्याच फटीतून त्याचीही गेली होती.

कोणी म्हणेल, हा हळवेपणा झाला. बुलबुलांची कितीतरी घरटी मनुष्याच्या दृष्टीस न पडताही उजाड होतात. कावळा, भारद्वाज, मांजर यांना कोणाच्या सुतळीची गरज नसते. हे खरे आहे. आणि सुतळी नसती तर ती अंडी वाचलीच असती, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. परंतु कावळ्याने अंडी नेली ती भुकेपोटी. माझी भूक कोणती होती? त्या दोन जीवांच्या संसाराचे सर्वस्व मी माझ्या दोन दिवसांच्या कुतूहलासाठी पणास लावले. पणात कोण हरले हा पुढचा प्रश्न. दुसऱ्याचे धन पणास लावण्याचा अधिकार मला होता काय, हा पहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्ञानास किंमत द्यावी लागते, आणि ती पुष्कळदा दुसऱ्याने दिलेली असते, असे व्यवहारी मनुष्य म्हणेल. त्याच्या बाजूने थोर साक्षीदारही उभा करता येईल. सालिम अली दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या कंठावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, हे विचारण्यासाठी मामांनी त्यांस १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्या मुलास उघडून दाखविला, आणि भारतातील पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय सुरू झाला. त्या मेलेल्या चिमणीचे ऋण सालिम अलींनी झाकून ठेवले नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राचे नावच त्यांनी चिमणीच्या पतनावरून ठेवले. संग्रहालयांतील कातडी ही खरी विद्या आहे. जाती ओळखाव्या कशा, हे तिनेच शिकविले, हे मी नाकारीत नाही.

पण त्याच चरित्रातील पुढचे एक पान पाहावे. १९३० मध्ये नोकरी नसल्याने सालिम अली अलिबागजवळ किहीम येथे येऊन राहिले होते. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीच्या टोकाशी आडोसा करून त्यात ते तासन् तास बसून राहत. त्या बसण्यातून जे कळले, ते कोणत्याही बंदुकीने कळले नसते. घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीस ते पसंत पडले की नर ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसऱ्या घरट्यास व दुसऱ्या मादीस हात घालतो. आपल्या भाषेने कुशल गृहिणीचे नाव ज्या विणकामास दिले, ते वस्तुतः नराचे काम निघाले! मेलेला पक्षी आपला रंग सांगतो, चोचीची लांबी सांगतो. संसार सांगत नाही. आणि लक्षात घ्यावे की तो संसार पाहण्यासाठी पाहणाऱ्याला स्वतःस लपवावे लागले. त्याने फांद्या दूर केल्या नाहीत. स्वतःपुढे आडोसा उभा केला.

मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक आहे. एक फळ खातो. दुसरा न खाता केवळ पाहतो. या दुसऱ्याची अलिप्तता आपण फार लवकर स्वतःकडे घेतो. आपण खात नाही, म्हणजे आपण साक्षी, असे आपणांस वाटते. पण बुलबुलास उपनिषद ठाऊक नाही. त्याच्या जगात जो त्याच्याकडे टक लावून पाहतो, तो प्रायः खाण्यासाठीच पाहतो. माझ्या डोळ्यांत भूक नाही, हे त्याने कशावरून ओळखावे? टिटवी उघड्या माळावर अंडी घालते, आणि उन्हाच्या कहरात त्यांवर सावली धरून बसते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी थंड राखते. आपण कौतुकाने जवळ उभे राहिलो की ती उठून डोक्यावर घिरट्या घालीत ओरडते. ते ओरडणे आपणांस गोड वाटते. तेवढा वेळ खाली अंडी तापत असतात. तेव्हा पाहणाऱ्याचा निष्पापपणा त्याच्या हेतूत नाही. तो त्याने राखलेल्या अंतरात आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांची अंडी फोडणे तर येतेच. पण अंड्यांना वा घरट्यांना नुसता उपद्रव देणे हेही येते. प्रथम वाचताना ही अतिशयोक्ती वाटली होती. आज वाटत नाही. चांगले छायाचित्र मिळावे म्हणून घरट्यापुढची पाने छाटली जातात. मोबाइलवर नराची ध्वनिमुद्रित शीळ वाजविली जाते, आणि बिचारा खरा नर नसलेल्या प्रतिस्पर्ध्यास हुसकावण्यासाठी चारा टाकून धावत येतो. बंदूक गेली, ‘हा पक्षी मला मिळाला’ हे क्रियापद मात्र राहिले.

मग डोळे मिटून घ्यावे काय? तसेही म्हणवत नाही. ज्याने कधी पाहिलेच नाही, तो भर विणीच्या दिवसांत कुंपण कातरतो, आणि कात्रीखाली काय गेले हे त्यास कळतही नाही. त्याच्या औदासीन्याने माझ्या सुतळीहून अधिक घरटी मोडली असतील. पाहिल्यावाचून जिव्हाळा उपजत नाही, हे खरेच. म्हणून पाहावे, पण किती जवळून, हे पाखराने ठरवावे. चोचीत अळी धरून पक्षी फांदीवर खोळंबला आहे, घरट्याकडे जात नाही, असे दिसले की समजावे, आपण आड आलो आहोत. अशा वेळी उठून मागे जाणे हाही निरीक्षणाचाच भाग होय, आणि माझ्या मते तो सर्वांत कठीण भाग आहे.

यंदा मेंदीत पुन्हा बुलबुलांची ये-जा आहे. ओसरीवरून एवढेच दिसते की दोघे आळीपाळीने त्याच एका जागी पानांत शिरतात. धाकटी नात रोज विचारते, “आजोबा, अंडी किती आहेत हो?” मी सांगतो, “ठाऊक नाही, बाळ.” तिला हे उत्तर मुळीच आवडत नाही. मलाही, खरे सांगावयाचे तर, अजून पुरतेसे आवडलेले नाही.