बाळंतिणीचे अश्रू : दोष कोणाचा?



मूल सुखरूप झाले, ब्रिथ मिला झाली, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा झाला, आणि बाळंतीण मात्र भिंतीकडे तोंड करून रडते. “देवाने एवढे दिले तरी हिचे समाधान नाही,” असे घरची माणसे म्हणतात. हे बोलणे न्यायाचे आहे काय, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील हन्ना शिलो येथे मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. ओठ हालत, पण आवाज निघत नसे. एली याजकाने तिला दारू प्यालेली ठरवून दटावले. तिचे दुःख ऐकल्यावर मात्र त्याने तिला आशीर्वाद दिला. आधी ठपका, मग चौकशी! आपल्या घरांतूनही हेच चालते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे हे पुष्कळ जणींच्या वाट्याला येते व दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही राहणारी खिन्नता हा आजार होय, आणि तो गर्भारपणातही सुरू होतो. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील २७० मातांची पाहणी करून २००२ साली ती प्रसिद्ध केली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के माता या आजाराने ग्रासलेल्या आढळल्या, आणि त्यांतील बहुतेक जणी गरोदरपणीच त्रासलेल्या होत्या. कारणे कोणती? पैशाची ओढ, नवऱ्याशी बेबनाव, मारहाण, मुलगा हवा असता मुलगी होणे. याखेरीज पूर्वी होऊन गेलेला मनाचा आजार, अवघड प्रसूती, आधाराचा अभाव हीही कारणे डॉक्टर सांगतात. यांपैकी बाळंतिणीचा अपराध कोणता? आम्हांस तर एकही दिसत नाही. उलट, निम्मी कारणे घरच्यांच्या हातची आहेत.

लेवीयच्या १२ व्या अध्यायाला अनुसरून कोकणात आपल्या बायका मुलगा झाल्यास ४० व मुलगी झाल्यास ८० दिवस पाळीत. हेतू शुद्धीचा असला, तरी त्या निमित्ताने बाळंतिणीला विसावा मिळे आणि भोवती चार बायका असत. येथे र्युसेल्सहाइममध्ये ती चार माणसे कोठून आणावी? आई लोदहून येवो की ठाण्याहून, पाहुणी म्हणून तिला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. नवरा दिवसभर कामावर, शेजारीण जर्मन बोलणारी. आई परत गेली की घर सुने होते, आणि हा आजार तर पहिल्या वर्षात केव्हाही डोके वर काढतो.

जर्मनीत प्रसूतीनंतर १२ आठवड्यांपर्यंत सुईण घरी येते. तिचा खर्च आरोग्य विमा देतो. मातेची मनःस्थिती जोखण्यासाठी दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली १९८७ पासून आहे. पण परक्या भाषेत मन उघडणे कठीण. म्हणून नवऱ्याने, सासूने, ओळखीच्या भगिनींनी गर्भारपणापासूनच आपल्या मराठीत विचारावे : झोप लागते का? भीती वाटते का? उत्तर ऐकून घ्यावे, उपदेश करू नये. ती भ्रमिष्टासारखे बोलू लागली, किंवा स्वतःच्या अथवा बाळाच्या जिवाचे वाईट बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. हा आजार औषधाने व बोलण्याच्या उपचाराने बरा होतो.

मातेने देवाचे आभार मानावेत हे खरेच. पण आजारी माणसाकडून आनंदाची वसुली करणे हा धर्म नव्हे. तिची विचारपूस करणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ते ठपक्याच्या आधी करावयाचे आहे.