स्वधर्माची निवड

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला नोकरी, स्पर्धा परीक्षा आणि पुढील शिक्षण यांपैकी एकही वाट निश्चित करता येत नाही, तेव्हा त्याच्या मनात अनेकदा व्यवसायांपेक्षा स्वतःविषयीच संदेह असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार व्यवसायाची निवड म्हणजे स्व-संकल्पना, अर्थात आपले गुण, आवडी आणि मूल्ये यांविषयी माणसाने मनाशी बांधलेले चित्र, प्रत्यक्ष कामात उतरवणे होय. हे चित्र अनुभवाने पालटत जाते, हेही त्यांना मान्य होते.

गीतेतील स्वधर्माचा विचार याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाकडून भिडतो. विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या प्रवचनांत अशी भूमिका आहे की, आई जशी निवडावी लागत नाही, तसा स्वधर्मही शोधावा लागत नाही, तो आपसूक प्राप्त झालेला असतो. या भूमिकेत निवडीच्या ओझ्यातून सुटका आहे खरी. परंतु जन्माने वाट्याला आलेले काम ज्यांच्यावर शतकानुशतके लादले गेले, त्यांना तिच्यात सुटका कशी दिसावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जातिनिर्मूलनाविषयीच्या भाषणात दाखवून दिले की, जातिव्यवस्था श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते आणि व्यक्तीची कुवत न पाहता आईबापांच्या सामाजिक दर्जावरून तिचे काम ठरवते. ज्या घरात पदवीपर्यंत प्रथमच कोणी पोहोचले आहे, तेथे निवड करताना होणारी घालमेल हा मोठ्या कष्टाने मिळालेल्या अधिकाराचाच भाग आहे, आणि तिला दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

विनोबांचे चरित्रही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेले २० वर्षांचे विनोबा सुरतेला उतरून काशीला गेले, तेव्हा त्यांना हिमालयातील शांतीची आणि बंगालमधील क्रांतीची सारखीच ओढ होती. या दोन्ही गोष्टी गांधीजींपाशी सापडल्या, असे त्यांनी पुढे सांगितले. ‘स्व’ आधी पूर्णपणे ओळखला आणि मग कर्म निवडले, असा क्रम येथे नाही; कर्मात उतरल्यानंतरच ‘स्व’ स्पष्ट होत गेला. प्राप्त स्वधर्म म्हणजे जन्माने नेमलेला व्यवसाय नव्हे, तर आज समोर आलेले आणि आपल्या कुवतीतले कर्तव्य, असा अर्थ घेतला तरच तो विचार आजच्या विद्यार्थ्याला आधार देऊ शकतो. आईबापांनी आणि प्राध्यापकांनी त्याच्याकडे आयुष्यभराचे उत्तर मागू नये. एखादे काम मनापासून हाती घेण्याची आणि ते आपले नाही असे उमगल्यास सोडण्याची मुभा त्याला द्यावी.