श्वासावरचा पहारा

दुसऱ्याच्या झोपेवर नजर ठेवण्याचा अधिकार कुणाला असावा? तान्ह्या मुलाच्या पाळण्याशी बसलेल्या आईला हा प्रश्न कुणी विचारीत नाही. पण मूल २२ वर्षांचे झाले, त्याला मिसरूड फुटले, स्वतःची मते फुटली, आणि तरीही रात्री त्याचा श्वास यंत्राच्या हवाली करावा लागत असला, तर?

माझ्या भाच्याला ड्यूशेन नावाचा स्नायूंचा विकार आहे. यात आधी पाय जातात. पुढे पाळी येते ती छातीच्या तळाशी असलेल्या श्वासपटलाची. जागेपणी कसेबसे निभते, कारण मानेचे नि छातीचे इतर स्नायू हात देतात. गाढ स्वप्नांच्या झोपेत तेही ढिले पडतात, श्वास उथळ होतो आणि रक्तात कर्बवायू साठू लागतो. धडपड नाही, आवाज नाही. सकाळी डोके दुखते, दिवसा पेंग येते, एवढेच. म्हणून रात्री नाकावर मुखवटा बांधायचा आणि व्हेंटिलेटरने हवा आत ढकलायची. बोटाला लावलेला चिमटा प्राणवायूचा आकडा दाखवतो खरा, पण तोही पुरता विश्वासू नव्हे. अशा रोग्याला नुसताच प्राणवायू दिला, तर आकडा उत्तम दिसतो आणि कर्बवायू आत वाढतच राहतो.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने रोग्यांच्या गळ्यातून नळी घालण्यात आली, आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून त्यांना श्वास दिला. पहारा देणारा डोळा आणि श्वास देणारा हात एकाच माणसाचे होते. आता हात यंत्राचा. ते रात्रभर टिपणही ठेवते: मुखवटा किती वेळ होता, हवा किती गळली, श्वास केवढा भरला. सकाळी सारे मोबाइलवर हजर!

माझी ताई पूर्वी सकाळी विचारायची, "झोप लागली का रे?" तो म्हणायचा, "छान लागली." हे पुष्कळदा खोटे असे. पण त्याला कुशीवर वळवायला आई रात्रीतून दोनदा उठते, हे तो जाणून होता. आईला देण्यासारखे त्याच्याजवळ जे थोडे होते, त्यात हे खोटे होते. आता टिपण म्हणते, दोन ते पाच हवा गळत होती. ताईने विचारणेच सोडले.

"मामा, आई हल्ली मला विचारीत नाही, मोबाइलला विचारते," तो मला म्हणाला. मी ताईपाशी विषय काढला, तर ती उसळली. "त्याच्या गोड बोलण्यावर विसंबू, आणि एखाद्या रात्री—" पुढचे ती बोलली नाही.

मला वाटते, आपण दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव देतो. नळी निसटली, वीज जाऊन बॅटरी संपत आली, की यंत्र घंटा वाजवते. ती हाक आहे. हाकेला घरात असेल त्याने धावावे. तिथे परवानगी कसली मागायची? टिपण मात्र रोजनिशीसारखे आहे, आणि सज्ञान माणसाची रोजनिशी आधी त्याने वाचावी, वाटल्यास मग दाखवावी. यावर ताईचा आक्षेप आहे, आणि तो मला खोडता आलेला नाही. कर्बवायू काही घंटा वाजवून वाढत नाही; महिनोन् महिने हळूहळू चढतो. शिवाय तो चढला, की ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्याच बुद्धीवर झापड येते.

मायलेकांनी अखेर आपली तोड काढली. रोजचे टिपण त्याचे. महिन्यातून एकदा डॉक्टर ते त्याच्यादेखत उघडतात, तेव्हा ताई शेजारी बसते. डोके दुखले तर त्याच दिवशी सांगायचे, असा शब्द त्याने दिला आहे. ताईने सकाळचा प्रश्न पुन्हा सुरू केला. उत्तर दर वेळी "छान" असे येत नाही. परवा तो म्हणाला, "तो पट्टा रात्रभर कानामागे टोचत होता." यंत्राच्या टिपणात पट्ट्याला जागा नाही. ताई मऊ फडक्याची घडी शोधायला उठली.