जुनी बॅटरी जाते कुठे?

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी इन्व्हर्टर आहे. काही वर्षांनी त्याची बॅटरी थकते, नवी येते. जुनीचे पुढे काय होते, ह्याचा विचार आपण करतो काय?

ह्या बॅटरीत शिसे आणि ॲसिड असते. शिसे वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणून जुन्या बॅटरीलाही भाव मिळतो. नोंदणीकृत कारखान्यात ॲसिडची नीट विल्हेवाट लावतात, धूर गाळतात. उघड्यावरच्या भट्टीत मात्र ॲसिड जमिनीत मुरते आणि शिशाची धूळ आसपासच्या घरांत शिरते. ह्या शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. शिशाचे कोणतेच प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

२००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेऊन ग्राहकाला सूट देण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले. २०२२ च्या नव्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. परतीची वाट अशी आखलेली आहे. तरीही बाहेर कोणी दोनशे रुपये जास्त देऊ केले, तर आपण काय करावे? वस्तू आपली, मग ती कोणालाही विकली तर बिघडले कुठे?

उघड्यावर भट्टी लावणारा जास्त भाव देऊ शकतो, कारण ॲसिड आणि धुराचा बंदोबस्त करण्याचा खर्च तो करीत नाही. तो खर्च भट्टीशेजारची मुले आपल्या आरोग्याने भरतात. आपल्या हाती येणारे जादा दोनशे रुपये तिथूनच येतात. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात 'वापरा आणि फेका' वृत्तीचा संबंध गरिबांच्या दुःखाशी जोडला, तो ह्याच अर्थाने.

मग भंगारवाल्याला दारातून परत पाठवावे काय? तसे केले तर दुसरा अन्याय होईल. गल्लोगल्ली फिरून वस्तू गोळा करण्याचे काम तो पिढ्यानपिढ्या करीत आला आहे आणि त्यावर त्याचे घर चालते. परतीची साखळी आखताना त्यालाही तिच्यात मानाची जागा मिळायला हवी. त्याने बॅटरी न फोडता नोंदणीकृत केंद्रात द्यावी आणि तिथे त्याला योग्य दाम मिळावा.

तोवर आपल्या हाती एक साधी गोष्ट आहे. नवी बॅटरी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी, सूट बिलावर लिहून घ्यावी आणि ती पुढे कुठे जाते हे विचारावे. अनेक ग्राहक विचारू लागले, तर दुकानदारालाही उत्तर तयार ठेवावे लागेल.