जुन्याची मोड

दिवाळी आटोपल्यावर घरासाठी नवा संगणक बघायला आम्ही दुकानात गेलो. घरचा संगणक २०१६ सालचा. तो सुरू व्हायला चहा उकळण्याइतका वेळ घेऊ लागला होता. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतनं थांबली आणि विंडोज ११ या जुन्या यंत्राला चालत नाही, असं कळलं. दुकानातल्या पोराने दोन-तीन नवे संगणक मांडले. किमती सांगून झाल्या. इतका वेळ गप्प बसलेल्या आईने तेव्हा विचारलं, “अन् जुन्याची मोड किती देतो, बाबू?”

पोरगा गोंधळला. म्हणाला, “आजी, याची मोड नाही येत. भंगारात देऊन टाका.”

आईचा प्रश्न आमच्या भंडाऱ्याच्या रक्तातला होता. या गावाला पितळनगरी म्हणतात. तिच्या तरुणपणी भांडं वजनावर घेतलं जाई आणि घेतानाच त्याची मोड ठरलेली असे. पितळेचा गुंड चेपला तर ठोकून सरळ करायचा, गळू लागला तर डाग द्यायचा, आतून कळकायला लागला तर कल्हई करायची. काहीच उपाय उरला नाही तर तो मोडीच्या भावाने कासाराकडे द्यायचा. तिथे तांबं-जस्ताचा तो ऐवज पुन्हा भट्टीत जाई आणि नवं भांडं होऊन कुणाच्या तरी लग्नात पोचे. आज आपण ‘मोडीत काढणे’ म्हणतो ते टाकून देण्याच्या अर्थाने. पण पितळेच्या व्यवहारात मोड म्हणजे वस्तूचा पुढचा जन्म होता. घेणाऱ्याला तिचा शेवट ठाऊक असायचा.

संगणकाचा शेवट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतो?

जगात २०२२ या एका वर्षात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, असं संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांचा अहवाल सांगतो. त्यातला जेमतेम २२ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेल्या कचऱ्याचा मोठा भाग कुठे जातो, हे दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत दिसतं. तांबं काढण्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात, सर्किटमधलं सोनं काढायला आम्ल वापरलं जातं, आणि तो धूर बाया-मुलांच्या छातीत जातो. आपल्याकडे नाल्याकाठी कुणी अशी तार जाळली, तर पावसाळ्यात ती राख वैनगंगेलाच मिळणार. भंगारवाल्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. तो पोट भरतो आहे. ती वस्तू त्याच्या हातगाडीवर ठेवणारा हात आपला असतो.

दुसरी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. लॅपटॉपसारखं यंत्र आयुष्यभरात जो कार्बन हवेत सोडतं, त्याचा मोठा वाटा ते आपल्या घरी येण्याआधीच, खाणीत आणि कारखान्यात, खर्ची पडलेला असतो. म्हणजे विजेचं बिल वाचवणं चांगलंच, पण चार वर्षांनी बदलायचं यंत्र आठ वर्षं वापरणं त्याहून मोलाचं.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरातच बसून ठरवावं, की हे यंत्र कुणासाठी आणि कशासाठी. आमच्या घरचं काम साधं आहे. सातबारा काढायचा, महाडीबीटीवर अर्ज भरायचा, बँकेचे व्यवहार, पुतणीचा अभ्यास, माझं मराठी लेखन. एवढ्याला ८ जीबी रॅम आणि साधी एसएसडी पुरून उरते. खेळांसाठी बनवलेलं महागडं ग्राफिक्स कार्ड या घरात पडून राहील. जिथे पैसा घालायचा तो डोळ्यांना न शिणवणाऱ्या पडद्यावर आणि बोटांना नीट लागणाऱ्या कीबोर्डवर घालावा, कारण माणसाचा देह यंत्राला भिडतो तो तिथेच. वीज जाते-येते अशा गावात लॅपटॉपची बॅटरी सोयीची पडते. डेस्कटॉपला यूपीएस लागतो, पण त्याचा एकेक भाग बदलता येतो. लॅपटॉप घेत असाल तर पुढे रॅम वाढवता येईल का, बॅटरी बदलता येईल का, हे आवर्जून विचारा. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते. अशा यंत्राला उद्या डाग देता येत नाही.

‘मुलांच्या भविष्यासाठी’ म्हणून झेपत नसतानाही हप्त्यावर सगळ्यात महागडं यंत्र घेणारे आईबाप मी पाहतो. त्यांचं प्रेम खरं आहे, म्हणूनच त्यांना काकुळतीने सांगावंसं वाटतं. मुलाला संगणकापेक्षा त्याच्याजवळ बसणारं माणूस जास्त शिकवतं. वाचलेल्या पैशात पुस्तकं येतील, आणि हप्त्याची चिंता घरात शिरणार नाही.

त्या दिवशी आम्ही नवा संगणक न घेताच परतलो. जुन्या यंत्रातली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम ४ ची ८ जीबी केली आणि विंडोजऐवजी लिनक्स घातलं. लिनक्स मोफत मिळतं, त्यात कुणाची चोरी नाही, मराठीही नीट लिहिता येतं. नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा भाग खर्च झाला. आता संगणक चहा उकळायच्या आत सुरू होतो. प्रत्येक जुनं यंत्र असं वाचेलच असं नाही. ज्याचं कामच लिनक्सवर होत नाही, ज्याचं यंत्र खरंच थकलं आहे, त्याने नवं जरूर घ्यावं. त्यात काही वावगं नाही. फक्त आधी दुरुस्तीला एक संधी द्यावी.

आणि शेवट आलाच, तर तोही आपलाच मानावा. चालू स्थितीतलं यंत्र कुणा शिकणाऱ्या लेकराला द्यावं. मेलेलं यंत्र अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जावं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवरच पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे. ती त्यांनी पाळावी म्हणून विचारणारा ग्राहक मात्र हवा.

देण्याआधी आणखी एक काम. आईच्या लग्नातल्या गुंडावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं आहे. जुन्या काळी माणूस भांड्यावर एवढंच लिहून ठेवी. आपल्या संगणकात आधारच्या प्रती, बँकेची कागदपत्रं, मुलांचे फोटो असतात, आणि नुसतं ‘डिलीट’ केल्याने ते नक्की पुसले जातात असं नाही. डिस्क पूर्ण पुसून किंवा काढून ठेवूनच यंत्र घराबाहेर द्यावं. त्यात आपल्याबरोबर इतरांचीही अब्रू असते.

काढलेली ती जुनी हार्ड डिस्क माझ्या कपाटात आहे, पुसून ठेवलेली. ती केंद्रापर्यंत पोचवणं माझ्याकडे बाकी आहे आणि ते मी करणार आहे. तुम्ही पुढच्या वेळी काही विकत घ्यायला जाल, तेव्हा किंमत विचारण्याआधी माझ्या आईचा प्रश्न विचारा: जुन्याची मोड काय?