कार्ड घेण्याआधी

बंटी,

उबुंटू टाकायचंय, ब्लेंडर चालवायचंय, तर ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ, असं विचारलंस. मेमरी किती, फ्रेम किती हे दुकानदार सांगेलच. तू आधी एवढंच बघ, की त्या कार्डाचा ड्रायव्हर राहतो कुठे.

लिनक्सच्या कर्नलची आतली मांडणी सारखी बदलत असते. जो ड्रायव्हर कर्नलच्या घरातच राहतो, त्याची डागडुजी भिंती हलवणारेच करतात. इंटेलचे तसे आहेत, एएमडीचा एएमडीजीपीयूही २०१५ पासून तसाच. एनव्हिडियाचा बाहेरचा. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याने, ही कंपनी लिनक्सशी जुळवून घेत नाही म्हणून, तिला चक्क मधलं बोट दाखवलं होतं. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलपुरता भाग खुला केला, पण बाकीचा बराच ड्रायव्हर अजून बंद पेटीत आहे.

बाहेरच्या ड्रायव्हरचं मोड्यूल बहुधा प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं. हे काम डीकेएमएस नावाचं साधन मुकाट्याने करतं, आणि कधीकधी मुकाट्यानेच फसतं. माझ्या मशीनवर एकदा त्याला लागणारं कर्नल हेडर्सचं पॅकेज टाकायचं मीच विसरलो होतो. रात्री अपडेट लावला, सकाळी काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ, आणि दहाला मीटिंग! मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून मागचा कर्नल निवडला तेव्हा डेस्कटॉप आला. म्हणून जुना कर्नल कधी पुसू नकोस.

मग एएमडीच घ्यायचं? रोजच्या वापराला डोळे मिटून घे. पण ब्लेंडरमधलं रेंडरिंग हीच तुझी रोजीरोटी होणार असेल, तर माझं मत एनव्हिडियाला. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनाला एनव्हिडियाचा ऑप्टिक्स मानवतो. एएमडीवर हिपची वेगळी लायब्ररी लागते, नुसता घरातला ड्रायव्हर पुरत नाही.

एनव्हिडिया घेतलंस तर ड्रायव्हर उबुंटूच्या ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मधूनच टाक. कंपनीच्या साइटवरची रन फाइल उतरवून हाताने टाकायचा उत्साह नको. पुढच्या अपडेटला तीच नडते. सिक्युअर बूट चालू असेल, तर रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ दिसू शकेल, तेच निवड. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलंस की मोड्यूल चढत नाही, आणि तू कार्डाला शिव्या घालत बसशील.

आणि सबमिशनच्या आठवड्यात कर्नलचा अपडेट लावू नकोस.

तुझा काका